सतराशे वर्षांचं नाणं, हजार रुपयांत!

एक प्रश्न विचारू? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, सतराशे वर्षांपूर्वी टाकसाळीत हातोड्यानं ठोकून काढलेलं खरंखुरं नाणं विकत घ्यायचं झालं, तर किती पैसे पडतील? लाख? दहा लाख?

इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत राहणारी तुमच्याच वयाची एखादी मुलगी खाऊच्या पैशांतून ते घेऊ शकते. तिथले नाणेविक्रेते अशी नाणी इंटरनेटवर राजरोस विकतात. साधं, झिजलेलं, तांब्या-कांस्याचं नाणं पाच-दहा पौंडांत मिळून जातं. म्हणजे आपले हजारभर रुपये, कधी त्याहूनही कमी. आईबाबांच्या खात्यातून पैसे भरायचे, चार-सहा दिवसांनी पोस्टानं पाकीट येतं आणि त्यातून नखाएवढी हिरवट चकती तळहातावर पडते. ही चकती शेवटची खर्च झाली तेव्हा आपल्याकडे गुप्तांचं राज्य होतं!

ऐकल्याबरोबर शंका येते, की हे खोटं असणार. खोटी नाणी बाजारात असतातच, त्यांच्याकडे आपण येऊ. पण पाच पौंडांचं झिजकं नाणं खोटं बनवायला बसलं तर बनवणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यामुळे जाणत्या विक्रेत्याकडची ही स्वस्त नाणी बहुतेक वेळा खरीच असतात. मग ती इतकी स्वस्त का?

जुनं म्हणजे महाग, असं आपण धरून चालतो. पण सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे आणि तो रस्त्याच्या कडेला फुकट पडलेला असतो. वस्तू किती उरल्यात आणि किती जणांना हव्यात, यावर किंमत ठरते. आणि रोमन नाणी उरली आहेत ती लाखांनी. 2016 साली स्पेनमध्ये सेव्हिल शहराजवळच्या तोमारेस गावी बागेत पाइप टाकण्यासाठी चर खणताना मजुरांना 19 मातीचे कुंभ लागले. आत गच्च भरलेली रोमन नाणी. वजन? सुमारे 600 किलो! मोजायचं कसं, हाच तिथल्या संग्रहालयापुढे पहिला प्रश्न होता.

एवढी नाणी पाडायची वेळ रोमवर का आली, त्याची गोष्ट रसायनशास्त्राची आहे आणि थोडी लबाडीचीही. देनारिअस हे रोमचं चांदीचं नाणं. सुरुवातीला ते जवळजवळ शुद्ध चांदीचं असे. इ.स. 64 मध्ये नीरो सम्राटानं त्याचं वजन घटवलं आणि चांदीत थोडं तांबं मिसळलं. पुढच्या सम्राटांना ही युक्ती फार सोयीची वाटली. सैनिकांचे पगार तर द्यायचे, पण खाणीतून चांदी तेवढी येईना. 215 च्या सुमाराला कॅराकॅला सम्राटानं एक नवंच नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा टोकदार मुकुट असायचा. पन्नास-पंचावन्न वर्षांत या नाण्यातली चांदी 5 टक्क्यांच्याही खाली आली. बाकी सगळं तांबं, आणि वर चांदीचा पातळ मुलामा. लोकांच्या ते लक्षात आल्याशिवाय कसं राहील? धान्यवाला, कापडवाला जास्त नाणी मागू लागला. मग आणखी नाणी पाडा, ती आणखी हलकी करा. मुख्य टाकसाळी पुरेनात म्हणून साम्राज्यभर नव्या उघडल्या.

आणि पैसे ठेवायला आजच्यासारख्या बँका कुठे होत्या? लोक रांजणात नाणी भरून जमिनीत पुरत. लढाई झाली, साथ आली, मालक परत आलाच नाही, की रांजण तिथंच. कधी सरकारनं जुनी नाणी रद्द केली, की उकरून काढण्यातही अर्थ उरत नसे.

आता आपलं नाणं हातात घेऊ या. समजा ते 330 नंतरचं आहे. त्या वर्षी 11 मे रोजी कॉन्स्टंटाइननं आपल्या नव्या राजधानीचं, कॉन्स्टँटिनोपलचं, उद्घाटन केलं. आज त्या शहराला इस्तंबूल म्हणतात. याच सुमाराला टाकसाळींमधून एक नाणं अतोनात संख्येनं बाहेर पडलं. आजच्या स्वस्त नाण्यांच्या बाजारात तेच सगळ्यात जास्त दिसतं. आकार आपल्या एक रुपयापेक्षा लहान, साधारण 17-18 मिलिमीटर. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास.

छाप्याच्या बाजूला एक डोकं, उजवीकडे पाहणारं. भोवती अक्षरं. ती तुम्हाला वाचता येतील, कारण रोमन लिपीच इंग्रजी वापरते. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. नाव वाचलं तरी घाई करू नका. कॉन्स्टंटाइनच्या तीन मुलांची नावं होती कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स! टाकसाळीतल्या कारागिरांची काय तारांबळ उडत असेल कोण जाणे. बाप आणि मुलगा दोघंही कॉन्स्टंटाइन, मग नाणं कोणाचं? नावापुढे ‘आय-व्ही-एन’ ही तीन अक्षरं दिसली तर मुलाचं. ती ‘ज्युनियर’ची खूण. शिवाय सम्राटाच्या नावानंतर ‘ऑगस्टस’ या पदवीची ए-व्ही-जी अक्षरं येतात. राजपुत्र असेल तर ‘नोबिलिसिमस सीझर’चा संक्षेप येतो, एन-ओ-बी आणि सी. चार-पाच अक्षरांत घरातलं कोण मोठं आणि कोण धाकटं, हे कळून जातं.

आता काट्याची बाजू. दोन शिपाई समोरासमोर उभे, हातात भाले आणि ढाली. वरच्या कडेनं लिहिलेलं असतं ‘ग्लोरिया एक्झेर्किटुस’, म्हणजे सैन्याचा गौरव. दोघांच्या मध्ये सैन्याची निशाणं रोवलेली आहेत. ती मोजा. दोन निशाणं असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं. एकच असेल तर 335 ते 341 मधलं. असं का? कारण पैसे वाचवायला टाकसाळीनं नाणं आणखी लहान केलं, वजन दीड ग्रॅमच्या आसपास आणलं. एवढ्याशा चकतीवर दोन शिपाई आणि दोन निशाणं मावेनात, म्हणून एक निशाण काढून टाकलं! रोमच्या तिजोरीची ओढाताण एका निशाणाच्या हिशेबातून दिसते. इतिहासाच्या जाड पुस्तकातली दहा पानं वाचूनही मला ती इतकी स्पष्ट कळली नव्हती.

शिपायांच्या पायांखाली एक आडवी रेघ असते, आणि रेघेखाली बारीक अक्षरं. ही टाकसाळीची खूण, आणि माझ्या मते नाण्यावरचा सगळ्यात गमतीचा भाग. ‘टी-आर’ असेल तर नाणं त्रिअरचं, म्हणजे आजच्या जर्मनीतलं. ‘एस-आय-एस’ म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. ‘एस-एम-ए-एल’ म्हणजे इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. ‘एस-एम-ए-एन’ म्हणजे अँटिओक, तुर्कस्तानातलं आजचं अंताक्या. आणि या अक्षरांच्या मागे किंवा पुढे आणखी एक अक्षर असतं, ते टाकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक सांगतं. पूर्वेकडे त्यासाठी ग्रीक अक्षरं वापरत, अल्फा म्हणजे पहिला, बीटा म्हणजे दुसरा. नाण्यात खोट निघाली तर कोणत्या कारखान्यातल्या कारागिरांना जाब विचारायचा, ते सरकारला लगेच कळायचं. त्यांच्या हजेरीची ही खूण आज आपल्याला कामाला येते.

हे सगळं ताडून बघायची सोय घरबसल्या आणि फुकट आहे. रोमन साम्राज्याच्या नाण्यांची ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ नावाची एक थोर ग्रंथमाला आहे. तिचा पहिला खंड 1923 साली निघाला आणि दहावा 1994 साली. त्यातला प्रत्येक प्रकार न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं इंटरनेटवर मांडला आहे, 40,000 हून जास्त प्रकार, अनेकांचे फोटो, कुठे पाडली त्याचा नकाशा. विक्रेते नाण्याखाली जो खंड आणि क्रमांक लिहितात, तो याच ग्रंथमालेतला. तो क्रमांक तिथं शोधायचा आणि विक्रेत्यानं सांगितलेलं बरोबर आहे का ते आपणच बघायचं. पुष्कळदा विक्रेत्याचीही चूक निघते. शेकडो नाणी एका दिवसात नोंदवायची, म्हणजे बापाचं नाणं मुलाच्या नावावर जायचंच. अशी चूक एखाद्या शाळकरी मुलानं पकडली, तर चांगला विक्रेता आभार मानतो आणि नोंद दुरुस्त करतो.

खोटी नाणी ओळखायची कशी, हे समजायला खरी कशी होत ते बघायला हवं. ऐरणीत खालचा ठसा बसवलेला. त्यावर धातूची तापवलेली चकती. वर दुसरा ठसा धरायचा आणि घालायचा हातोडा! काम हातानं व्हायचं, त्यामुळे प्रत्येक घाव वेगळा. कधी चित्र एका बाजूला सरकलेलं, कधी कडेला चीर, कधी सम्राटाचं नाक चकतीच्या बाहेर. खोटं नाणं करणारा बहुधा एका खऱ्या नाण्यावरून साचा करतो आणि त्यात धातू ओततो. आपल्याकडे हाताच्या कळ्यांचे मोदक एकासारखा एक कधी होत नाहीत, आणि साच्यातले सगळे तंतोतंत सारखे निघतात, तसंच हे. दोन नाण्यांवर चित्र एकाच जागी सरकलेलं, चीरही एकाच जागी आणि झीजही सारखीच असेल, तर दोन्हींवर संशय घ्यायचा. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात. ते हवेच्या बुडबुड्यांचे. कडेला साच्याच्या जोडाची रेघही कधी कधी सापडते. वजन चुकतं. म्हणून प्रामाणिक विक्रेता दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास देतोच. एकच धूसर फोटो टाकून ‘दुर्मीळ, आजच घ्या’ असं कोणी म्हणत असेल, तर तिथं थांबायचंच नाही. आणि लिलावात बोली लावायची असेल, तर बोलीवर लिलावघराची दलाली चढते हे लक्षात ठेवा. अनेकदा ती पाचवा हिस्सा असते. वर टपालखर्च. स्वस्त नाण्यापेक्षा त्याचं टपालच महाग, असंही होतं.

बाजारात आणखी एक प्रकार मिळतो, न साफ केलेल्या नाण्यांची पुडी. मातीनं माखलेली वीस-पंचवीस नाणी एकदम घ्या, आत काय निघेल ते तुमचं नशीब! आकर्षक वाटतं ना? मला या पुड्या आवडत नाहीत. त्यातली नाणी कुठल्या शेतातून, कोणी, कोणाला विचारून खणली, याचा पत्ता बहुतेक वेळा नसतो. त्यात मुलं ती साफ करायला बसतात आणि नाण्याचा जीव घेतात. नाण्यावरचा हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. तांबं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांच्यातून शेकडो वर्षांत तयार झालेलं ते खनिज आहे, मॅलाकाइट. त्याच्याखाली तांबूस क्युप्राइटचा थर असतो. सम्राटाचे केस, शिपायाचा भाला, ही सगळी बारीक नक्षी पुष्कळदा या थरातच उरलेली असते. खालचा धातू केव्हाच खाल्ला गेलेला असतो. चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावलंत, की आम्लानं थर विरघळतो आणि हातात उरतो गुळगुळीत, गुलाबी, बिनचेहऱ्याचा तुकडा. एकाच खुणेला मात्र घाबरायचं. नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली, तर मातीतल्या क्लोराइडनं धातू पोखरायला घेतलाय असं समजा. नाणेवाले त्याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं आणि कोरड्या जागी ठेवायचं, कारण ओल मिळाली की रोग वाढतो.

आता मुद्द्याचं. नाणं कुठून आलं, हे कळणं एवढं महत्त्वाचं का?

2010 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळच्या एका शेतात, एक गृहस्थ धातुशोधक यंत्र घेऊन फिरत होते. नोकरी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, आणि हा छंद. यंत्र वाजलं, त्यांनी खणलं, थोडी नाणी निघाली आणि खाली रांजणाचं तोंड दिसलं. तुम्ही काय केलं असतं? त्यांनी हात थांबवला! खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना कळवलं. रांजणात 52,503 नाणी निघाली, वजन सुमारे 160 किलो. तज्ज्ञांनी ती एकदम उपसली नाहीत. थराथरानं काढली आणि प्रत्येक थर वेगळा ठेवला. त्यामुळेच एक विलक्षण गोष्ट उलगडली. कोणी वर्षानुवर्षं बचत करून रांजणात टाकत असेल, तर सगळ्यात नवी नाणी वर असायला हवीत, हो ना? पण कॅरॉसियस या अगदी उशिराच्या राजाच्या नाण्यांचा बराचसा भाग बराच खाली होता. म्हणजे हा रांजण थोडा थोडा न भरता इ.स. 290 च्या सुमाराला एकाच वेळी भरला गेला होता. शिवाय रांजणाची भिंत इतकी पातळ, की 160 किलो घेऊन तो कोणाला उचलताच आला नसता. मग रिकामा रांजण आधी जमिनीत बसवला आणि लहान भांड्यांतून नाणी आणून त्यात ओतली! ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकांना वाटतं, की गावानं मिळून देवाला वाहिलेलं हे दान असावं. त्या गृहस्थांनी घाई करून नाणी पिशवीत भरली असती, तर 52,503 नाणी हाती आली असती आणि ही गोष्ट कायमची हरवली असती.

तो साठा आज सॉमरसेटच्या संग्रहालयात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 सालचा कायदा सांगतो, की असा साठा सापडला तर आधी सरकारला कळवायचं. संग्रहालयाला हवा असेल तर ते योग्य किंमत देऊन घेतं, नको असेल तर तो शोधणाऱ्याला आणि शेतमालकाला परत मिळतो. तिथून तो बाजारात येतो, कागदपत्रांसकट. स्वस्त नाणी सरळ मार्गानं मिळतात ती अशी, किंवा जुन्या संग्राहकांच्या पेट्या विकल्या जातात तेव्हा. इटली, ग्रीस, तुर्कस्तान इथं मात्र जमिनीतून निघालेलं प्राचीन नाणं सरकारचं असतं. रात्री चोरून खणायचं आणि सीमेपार न्यायचं, असे उद्योग करणारेही आहेत.

कागद खोटा निघाला तर काय होतं, ते एका सोन्याच्या नाण्यानं दाखवलं. ज्युलिअस सीझरला मारणाऱ्या ब्रूटसनं इ.स.पूर्व 42 च्या सुमाराला ते पाडलं. एका बाजूला स्वतः ब्रूटस, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मध्ये टोपी आणि खाली खुनाची तारीख, 15 मार्च! 2020 मध्ये लंडनच्या लिलावात त्याला 30 लाखांहून जास्त पौंड मिळाले. पुढे चौकशीत त्याच्या मालकीचे कागद बनावट निघाले. 2023 मध्ये ते नाणं ग्रीसला परत करण्यात आलं. पाच पौंडांच्या नाण्याला एवढं कोणी विचारत नाही, पण प्रश्न तोच लागू आहे.

रोमन पैसा आपल्याकडेही आला होता. भारतातले मिरे, मोती, तलम कापड यांच्यापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि टायबेरिअस यांची सोन्याचांदीची नाणी हंड्यांनी सापडली. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात तर चौथ्या शतकातली छोटी कांस्य नाणीही मिळतात, आपण मघाशी वाचलं त्याच जातीची. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदकं सापडली आहेत. तेरच्या लोकांना ती गळ्यात घालायला आवडत असावीत.

आपल्या देशाचे नियम इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत. 1972 च्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू असते. ती विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात नांगराला हंडा लागला, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तेव्हा इंटरनेटवर काही मागवण्याआधी घरच्या मोठ्यांशी आणि जाणकारांशी बोला. आणि नाणी बघायला पैसे लागतच नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथं नाण्यांचं संग्रहालयही आहे. एखाद्या सुट्टीत जाऊन या.

जाता जाता एक कोडं. इंटरनेटवर एक नाणं विकायला आहे. छाप्याच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली स्त्री, आणि अक्षरं ‘उर्ब्स रोमा’, म्हणजे रोम नगरी. सम्राटाचं नाव कुठेच नाही. काट्याच्या बाजूला दोन बाळांना दूध पाजणारी लांडगी, वर दोन तारे. रेघेखाली टी-आर-एस. हे नाणं कोणत्या शहरात पाडलं? शेवटचा ‘एस’ हा लॅटिनमधल्या ‘सेकुंदा’चा, मग कारखाना कितवा? ती दोन बाळं कोण? आणि विक्रेत्यानं फोटो, वजन, व्यास सगळं दिलंय, पण एक गोष्ट लिहिलेली नाही. पैसे भरण्याआधी तुम्ही त्याला काय विचाराल?